माल खरा, तरीही बंदरात अडकला: ट्रेडमार्क-पेटंटचा हक्क सीमेवर कुठे संपतो?

कृष्णाकाठचा दुकानदार (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. सांगलीत कुपवाड रस्त्याला माझे बेअरिंग, ऑइल सील आणि चेनचे दुकान आहे. गिऱ्हाईक मुख्यतः साखर कारखाने, गुऱ्हाळे आणि एमआयडीसीतले लहान कारखानदार. यंदा गळीत हंगामाच्या तोंडावर मी एका नामांकित परदेशी कंपनीची बेअरिंगे दुबईच्या वितरकाकडून मागवली. तो वितरक त्या कंपनीचाच अधिकृत माणूस आहे, बिल पक्के आहे आणि माल त्याच कंपनीच्या कारखान्यात तयार झालेला आहे. सगळे शुल्क आणि कर भरूनही हा माल मला येथील अधिकृत वितरकाच्या भावापेक्षा स्वस्त पडत होता.

न्हावाशेवा बंदरात सीमाशुल्क खात्याने तो थांबवला आहे. कंपनीने आपला ट्रेडमार्क खात्याकडे नोंदवून ठेवला असून ‘भारतात आमच्या संमतीशिवाय आलेला माल सोडू नये’ असे तिचे म्हणणे आहे. माल बनावट आहे असे कोणीच म्हणत नाही, अगदी कंपनीही म्हणत नाही, आणि मला नेमके हेच कळत नाही. खरसुंडीच्या जत्रेत मी रोख पैसे मोजून खिल्लार खोंड विकत घेतला, तर विकणारा मला ‘हा विजापूरच्या बाजारात न्यायचा नाही’ असे बजावू शकतो का? एकदा माल विकून पैसे घेतल्यावर त्यावर कंपनीचा हक्क उरतो तो कसला? जाणकारांनी कृपया लिहावे. कारखान्याचे बॉयलर पेटले आहेत आणि माझे बेअरिंग मात्र समुद्राच्या वाऱ्यावर पडले आहे.

माणगंगा

आधी कस्टमचा एजंट बदला, तत्त्वचर्चा नंतर करता येईल.

वकीलकाका

दुकानदारसाहेब, आपले खोंडाचे उदाहरण आमच्या पुस्तकांतील उदाहरणांपेक्षा बरे आहे, म्हणून तेच पुढे नेतो. खोंड एकदा विकला की विकणाऱ्याचा हक्क संपतो, हे सर्वांना मान्य आहे. कायद्यात याला हक्कसमाप्तीचा सिद्धांत म्हणतात. ट्रेडमार्क, पेटंट किंवा कॉपीराइट यांच्या मालकाला वस्तू पहिल्यांदा बाजारात आणण्याचा एकाधिकार असतो. पण त्याने ती स्वतः किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी विकली, की पुढची फेरविक्री त्याला अडवता येत नाही. वाद आहे तो ‘बाजारात’ या शब्दावर. कोणत्या बाजारात? आपल्याच देशात पहिली विक्री झाली तर हक्क संपतो असे काही देश मानतात. युरोपीय संघासारख्या गटात संपूर्ण गट हाच एक बाजार धरला जातो. आणि तिसरा मार्ग असा, की जगाच्या पाठीवर कुठेही मालकाच्या संमतीने विक्री झाली की हक्क सगळीकडेच संपला. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेविषयीच्या ट्रिप्स करारात यावर एकमत झाले नाही, म्हणून त्याच्या ६व्या कलमाने हा प्रश्न ज्या-त्या देशावर सोडला, आणि २००१ च्या दोहा जाहीरनाम्याने ती मोकळीक पुन्हा स्पष्ट केली.

भारतापुरते सांगायचे तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३०(३) मध्ये, मालकाने किंवा त्याच्या संमतीने बाजारात आणलेला माल कायदेशीरपणे घेणाऱ्याने तो पुढे विकला तर केवळ त्या कारणाने हक्कभंग होत नाही, असे म्हटले आहे. येथे ‘बाजार’ म्हणजे भारताचा की जगाचा, हा प्रश्न प्रिंटरच्या आयातीवरून सॅमसंग विरुद्ध कपिल वाधवा या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला. फेब्रुवारी २०१२ मध्ये एक सदस्यीय पीठाने ‘भारताचा’ असे सांगितले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खंडपीठाने ते फिरवून ‘जगाचा’ असे सांगितले. मधल्या काळात ८ मे २०१२ रोजी सीमाशुल्क मंडळाचे परिपत्रकही निघाले होते. पेटंटसाठी कलम १०७अ आणि ट्रेडमार्कसाठी कलम ३० यांच्या आधारे समांतर आयातीला (म्हणजे अधिकृत वितरकाला वगळून आणलेल्या खऱ्या मालाला) वाट आहे, अशा अर्थाचे स्पष्टीकरण त्यात आहे. तेव्हा कागदावर आपली बाजू चांगली आहे.

एक अट मात्र तपासा. दुबईत माल विकणारी आणि भारतात ट्रेडमार्क धारण करणारी कंपनी एकच, किंवा निदान एकाच घरातली आहे ना? दोन देशांत एकाच नावाचे दोन स्वतंत्र मालक असतील तर ‘संमती’ हा शब्दच निकामी होतो.

मिरजेचा डीलर

मी दुकानदारसाहेबांच्याच धंद्यातला, पण पलीकडच्या बाजूचा आहे. एका (दुसऱ्या) कंपनीची अधिकृत डीलरशिप माझ्याकडे गेली अनेक वर्षे आहे. त्यामुळे माझे मत पक्षपाती समजून वाचावे, पण वाचावे.

कंपनी मला माल महाग देते आणि त्या बदल्यात माझ्याकडून बरेच काही करून घेते. वर्षात दोन नग खपणारे मापही मला फळीवर ठेवावे लागते. रात्री दोन वाजता कारखान्याच्या चरकाचे बेअरिंग बसले तर माझा फिटर जातो. ते चुकीचे बसवल्यामुळे गेले की वंगण कमी पडल्यामुळे, हे तपासून त्याचा अहवाल देतो. हा सगळा खर्च माझ्या किमतीत धरलेला असतो. दुबईहून खोके आणून दहा टक्के कमी भावाने विकणाऱ्याच्या किमतीत तो नसतो. गिऱ्हाईक माप माझ्याकडून विचारून जाते आणि माल तिकडून घेते. यालाच मुक्त व्यापार म्हणायचे असेल तर तो माझ्या जिवावर मुक्त आहे.

दुसरा मुद्दा बनावट मालाचा. मागच्या हंगामात एका गुऱ्हाळमालकाने फुटलेले बेअरिंग आणून माझ्या टेबलावर ठेवले. खोका हुबेहूब होता, वर चमकणारे स्टिकरही होते. आतल्या रिंगेवरचा क्रमांक मात्र बोटाला खरखरीत लागत होता, कारण जुना क्रमांक घासून त्यावर नवा कोरला होता. रोलर डिझेलमध्ये धुऊन, बफ मारून पुन्हा बसवलेले होते आणि नव्या ग्रीसखालून जळक्या तेलाचा वास येत होता. ज्या माणसाने हे विकले त्याच्याकडेही ‘दुबईचे पक्के बिल’ होते. बंदरावरच्या अधिकाऱ्याने बंद खोक्याकडे पाहून खरे कोणते आणि खोटे कोणते हे कसे ओळखावे? माल थांबवून कंपनीला विचारण्याखेरीज त्याच्यापुढे दुसरा मार्ग कोणता आहे?

कृष्णाकाठचा दुकानदार (धागाकर्ता)

डीलरसाहेब, आपला दुसरा मुद्दा मी शंभर टक्के मान्य करतो. विचारण्यासाठी माल थांबवला तर माझी तक्रार नाही. ‘खरा आहे’ असे उत्तर मिळाल्यावरही तो थांबवून ठेवला, ही माझी तक्रार आहे. पहिल्या मुद्द्याबद्दल एवढेच म्हणतो, की फिटरचा खर्च फिटरच्या बिलात लावावा. बेअरिंगच्या किमतीत तो दडवायचा आणि मग ती किंमत टिकावी म्हणून बंदराला कुलूप घालायचे, हे काही पटत नाही.

वकीलकाका यांना: दोन्ही कंपन्या एकाच मूळ कंपनीच्या आहेत. बिलाच्या मथळ्यावर तसे छापलेलेच आहे.

तासगावचा बागायतदार

आम्ही द्राक्षवाल्यांनी हा प्रश्न उलट्या बाजूने पाहिला आहे, म्हणून लिहितो.

आमच्याकडे थॉमसन आणि त्यातूनच आमच्या तालुक्यात निवडलेली तास-ए-गणेश ही जात घरोघर आहे. या जातींवर कोणाचा हक्क नाही. चांगल्या बागेतून काडी आणायची, डॉगरीजच्या खुंटावर डोळा भरायचा आणि दोन वर्षांनी घड मोजायचे, असाच रिवाज पडून गेला आहे. चांगली काडी कोणी मागितली तर नाही म्हणू नये, हाच शिष्टाचार. आता परदेशी पैदासकारांच्या हक्काच्या नव्या रंगीत जाती आल्या आहेत. पाऊस झेलणाऱ्या, जीए (जिबरेलिक ॲसिड हे संजीवक) कमी लागणाऱ्या अशा त्यांची ख्याती आहे. पण त्या लावायच्या तर करार करायचा, हक्कशुल्क भरायचे, आणि पुष्कळदा माल कोणामार्फत विकायचा हेही करारातच ठरलेले असते. माझ्या एका पाहुण्याने अशाच एका जातीची काडी ‘कुठून तरी’ आणून एक एकर बांधली. बाग सुरेख आली. निर्यातदाराने मात्र हात वर केले. जातीचा परवाना दाखवल्याशिवाय युरोपला कंटेनर पाठवणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. शेवटी सगळा माल शिवार सौद्यात गेला.

पाहुण्याचे म्हणणेही दुकानदारसाहेबांसारखेच आहे. ‘बाग माझी, घाम माझा, घड माझा, मग रॉटरडॅमला अडवणारा तो कोण?’ यावर जाणकारांचे काय मत आहे?

वकीलकाका

बागायतदारसाहेब, शब्द सारखे असले तरी प्रश्न वेगळा आहे. दुकानदारसाहेबांनी विकत घेतलेली वस्तू पुढे विकली. आपल्या पाहुण्यांनी वस्तूची नक्कल तयार केली, आणि तीही मालकाने कधीच न विकलेल्या काडीपासून. हक्कसमाप्ती होते ती विकलेल्या नगापुरती, त्यापासून नवे नग निर्माण करण्याची मुभा त्यातून मिळत नाही. वनस्पतींच्या जातींबाबतच्या यूपोव्ह या आंतरराष्ट्रीय करारात (भारत त्याचा सदस्य नाही) हे स्वतंत्रपणे लिहिलेले आहे.

आपला २००१ चा वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायदा शेतकऱ्याकडे अधिक उदारपणे पाहतो. संरक्षित जातीचे बियाणेसुद्धा राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि ब्रँड न लावता विकण्याचा हक्क कलम ३९ शेतकऱ्याला देते. द्राक्षासारख्या वेलींना संरक्षण मिळते ते जास्तीत जास्त १८ वर्षे. युरोपीय संघाच्या १९९४ च्या नियमात द्राक्षवेलींसाठी ही मुदत ३० वर्षे आहे, आणि विनापरवाना लागवडीतून काढलेल्या फळापर्यंतही पैदासकाराचा हात पोहोचू शकतो, जर त्याला लागवडीच्याच वेळी हक्क बजावण्याची वाजवी संधी मिळाली नसेल तर. म्हणजे तासगावच्या शिवारात जे चालून जाईल ते रॉटरडॅमच्या धक्क्यावर चालेलच असे नाही. हक्क देशापुरता असतो, पण द्राक्ष देशापुरते राहत नाही. सगळी अडचण येथे आहे.

कराडकर इन हॉलंड

वकीलकाकांनी रॉटरडॅमचे नाव घेतले म्हणून राहवले नाही. मूळचा कराडचा, सध्या त्याच बंदरात मालवाहतुकीच्या नोकरीत आहे. मार्च-एप्रिलमध्ये सांगली-नाशिकच्या द्राक्षांचे खोके पाहिले की ऊर भरून येतो, आणि किंमत पाहिली की पुन्हा रिकामा होतो.

युरोपने या प्रश्नाची जी सोडवणूक केली ती मला मोठी शिकण्यासारखी वाटते. संघाच्या मूळ करारातच एक कलम असे आहे, की सदस्य देशांनी एकमेकांच्या मालावर निर्बंध घालू नयेत, आणि लगेच दुसरे असे, की औद्योगिक व व्यापारी मालमत्तेच्या रक्षणासाठी निर्बंध घालता येतील. आज ही ३४ आणि ३६ क्रमांकांची कलमे आहेत. एका हाताने दिले आणि दुसऱ्याने काढून घेतले, असे वाटावे. न्यायालयाने त्यातून वाट काढली. ग्रुंडिग या जर्मन कंपनीने फ्रान्समधल्या आपल्या एकमेव वितरकासाठी ट्रेडमार्कची भिंत उभी केली होती, ती १९६६ मध्ये स्पर्धेच्या नियमांखाली पाडली गेली. १९७१ मध्ये ग्रामोफोन तबकड्यांच्या आणि १९७४ मध्ये औषधांच्या प्रकरणांत न्यायालयाने सूत्र सांगितले: हक्क अस्तित्वात राहील, पण त्याचा वापर बाजाराचे तुकडे करण्यासाठी होणार नाही. एका सदस्य देशात संमतीने विकलेला माल दुसऱ्यात अडवता येणार नाही.

हे औदार्य मात्र घरापुरते आहे. सिलुएट या ऑस्ट्रियन चष्माकंपनीने फॅशन उलटलेल्या २१,००० फ्रेम, तिकडेच विकण्याच्या अटीवर, बल्गेरियाच्या व्यापाऱ्याला दिल्या. बल्गेरिया तेव्हा संघाबाहेर होता. त्या फ्रेम फिरून ऑस्ट्रियातच एका स्वस्त विक्रेत्याच्या दुकानात आल्या. १९९८ मध्ये न्यायालयाने सांगितले, की संघाबाहेरच्या विक्रीने हक्क संपत नाही आणि कोणत्याही सदस्य देशाने तसा कायदाही करू नये. म्हणजे दुकानदारसाहेबांची बेअरिंगे मुंबईऐवजी रॉटरडॅमला आली असती तर ते हरले असते. १ जानेवारी २०२१ पासून तर ब्रिटनची गंमतच झाली आहे: युरोपात विकलेला माल ब्रिटनमध्ये मुक्तपणे जातो, पण ब्रिटनमध्ये विकलेला माल युरोपात न्यायचा तर मालकाला विचारावे लागते. सासरचे येऊ शकतात, माहेरच्यांनी मात्र विचारून यावे, अशी ही व्यवस्था आहे.

खानापूर घाट

आमच्या विट्याकडचे गलाई बांधव देशभर सोने-चांदी गाळतात. दागिना एकदा मुशीत गेला की कोणाचा शिक्का आणि कोणाचा ट्रेडमार्क! हक्कसमाप्तीचा याहून शुद्ध नमुना सापडणार नाही.

वकीलकाका

खानापूरकर, विनोद चांगला आहे, पण त्यातच कलम ३०(४) दडलेले आहे. बाजारात आणल्यानंतर मालाच्या स्थितीत बदल झाला किंवा ती बिघडली, तर मालकाला पुढील विक्रीस हरकत घेता येते. मुशीतले सोने विनाशिक्का विकले तर प्रश्न नाही. त्यावर पुन्हा जुना शिक्का मारला तर आहे. मिरजेच्या डीलरसाहेबांनी वर्णन केलेले धुतलेले बेअरिंग नेमके या प्रकारात बसते. वापरलेल्या मालाची विक्रीच बंद असा याचा अर्थ नव्हे. जुन्या, दुरुस्त केलेल्या हार्डडिस्कच्या प्रकरणात २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विक्रीला परवानगी दिली. वस्तू मुळात कोणाची, ती वापरलेली आहे आणि मूळ कंपनीची वॉरंटी तिला नाही, हे वेष्टनावर ठळक लिहिण्याची अट मात्र घातली.

अजिंक्यतारा

मी साताऱ्याचा. औषध कंपनीच्या निर्यात विभागात बरीच वर्षे काढली आहेत. या धाग्यावर ‘माल खरा असला तर कशाला अडवता’ असा सूर आहे, तो मला अर्धाच पटतो.

पटणारा अर्धा आधी सांगतो. डिसेंबर २००८ मध्ये डॉ. रेड्डीज कंपनीचे लोसार्टन हे रक्तदाबाचे औषध भारतातून ब्राझीलला निघाले होते. विमान बदलण्यापुरते ते ॲम्स्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर उतरले आणि डच सीमाशुल्क खात्याने ते अडवले. भारतात त्यावर पेटंट नव्हते, ब्राझीलमध्येही नव्हते. होते ते मधल्या नेदरलँड्समध्ये, जिथे त्यातली एक गोळीही विकली जाणार नव्हती. सांगलीहून पुण्याला निघालेल्या माणसाला कराडच्या स्थानकावर उतरवून ‘आमच्या गावात तुमच्या सदऱ्याचा रंग चालत नाही’ असे सांगण्यासारखे हे होते. माल शेवटी भारतात परत आला. २०१० मध्ये भारत आणि ब्राझील या दोघांनी जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. २०११ मध्ये भारत आणि युरोपीय संघ यांच्यात समझोता झाला, की केवळ पेटंटच्या कारणावरून वाटेवरची जेनेरिक औषधे अडवली जाणार नाहीत, ती युरोपच्याच बाजारात वळवली जाण्याची सबळ शंका असेल तेव्हाच अडवावीत. त्या दिवसांत आम्ही युरोपवरून जाणारा माल दुसऱ्या मार्गांनी पाठवत होतो, भाडे जास्त पडत होते आणि ते शेवटी गोळीच्या किमतीत जात होते.

आता न पटणारा अर्धा. एचआयव्हीच्या औषधांच्या किमती गरीब देशांसाठी मुद्दाम कमी ठेवल्या जातात. ती औषधे व्यापाऱ्यांनी आफ्रिकेतून उचलून युरोपात आणून विकली तर फायदा व्यापाऱ्याचा होतो, तिकडचा रोगी औषधावाचून राहतो, आणि कंपनी पुढच्या वेळी स्वस्त भाव देताना दहा वेळा विचार करते. म्हणून २००३ मध्ये युरोपीय संघाने अशा औषधांवर वेगळे चिन्ह छापून त्यांची फेरआयात बंद करण्याचा नियम केला. हा नियम मला योग्य वाटतो. खुल्या दरवाज्याने एकच भाव होतो, आणि तो भाव गरिबाचा असेल याची खात्री कोण देणार?

विश्रामबागचे निवृत्त मास्तर

अजिंक्यतारा यांच्याशी सहमत, आणि पुस्तकांच्या बाबतीत तर अधिकच.

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. परदेशी पाठ्यपुस्तकांच्या भारतीय आवृत्त्यांचा कागद पिवळसर, आतली चित्रे काळी-पांढरी, आणि मागच्या मुखपृष्ठावर ‘विक्री फक्त भारत, नेपाळ, बांगलादेश इत्यादी देशांत’ असा शिक्का. मजकूर तोच असे, किंमत कित्येक पटींनी कमी. माझे विद्यार्थी त्या शिक्क्याला हसत, पण त्या शिक्क्यामुळेच पुस्तक त्यांच्या खिशाला परवडत होते.

थायलंडचा सुपाप कर्टसेंग हा विद्यार्थी अमेरिकेत कॉर्नेलला शिकायला गेला. घरच्यांना सांगून तिकडची स्वस्त आवृत्ती मागवायची आणि ईबेवर विकायची, असा उद्योग त्याने चालवला. प्रकाशक जॉन वायली न्यायालयात गेले. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला: कायदेशीर प्रत कुठेही छापलेली असो, एकदा विकली की पुनर्विक्री मोकळी. विद्यार्थी जिंकला याचा आनंद मलाही झाला. पण मी प्रकाशकाच्या खुर्चीत असतो तर दुसऱ्या दिवशी बँकॉकच्या आवृत्तीची किंमत वाढवली असती.

आपल्याकडे पुस्तकांचा कायदा उलटा आहे. पेंग्विनच्या प्रकरणात १९८४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने परवान्याबाहेरची आयात हा हक्कभंग ठरवला. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीच्या मसुद्यात समांतर आयातीला परवानगी देणारे परंतुक होते, पण प्रकाशकांच्या विरोधानंतर ते अंतिम कायद्यात आले नाही. त्यामुळे दुकानदारसाहेब, आपल्या कंटेनरमध्ये बेअरिंगांऐवजी पुस्तके असती तर वकीलकाकांनी इतक्या उत्साहाने उत्तर दिले नसते.

माणगंगा

मास्तर, फोटोकॉपीच्या दुकानात शिक्का काळा-पांढराच यायचा, त्यामुळे तो आम्ही कधी मनावर घेतला नाही.

विश्रामबागचे निवृत्त मास्तर

माणगंगा, आपण माझ्या कोणत्या वर्गात होता हे आता ध्यानात येऊ लागले आहे.

हरिपूरचे पेव

हळदीवाल्यांची हजेरी लागल्याशिवाय सांगलीतला धागा पुरा होत नाही. आमच्या घराण्याची हरिपुरात पेवे होती. वीस-पंचवीस फूट खोल, तोंड अरुंद, आत हळद भरून वर मातीने बंद केली की वर्षानुवर्षे कीड लागत नसे. २००५ च्या महापुराने त्यातली बहुतेक निकामी केली.

१९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरून आणण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. आपल्या सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) संस्कृत ग्रंथांपासून जुन्या वैद्यकीय नियतकालिकांपर्यंतचे पुरावे देऊन १९९७ मध्ये ते रद्द करवले. ही गोष्ट सर्वांना अभिमानाची म्हणून माहीत आहे. मला त्यातली व्यापाराची बाजू महत्त्वाची वाटते. ते पेटंट टिकले असते तर जखमेवरचे औषध म्हणून अमेरिकेत हळदपूड विकणाऱ्याला कोणीतरी अडवू शकले असते, आणि ती पूड सांगलीच्या मार्केट यार्डातून गेलेली असली तरी. म्हणून माझे म्हणणे असे, की सीमेवर हक्काचा तोल सांभाळण्याआधी तो हक्क मुळात देण्याजोगा होता का, हे पाहावे.

दुसरी गोष्ट घरची. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या यार्डात कर्नाटकाचीही हळद सौद्याला येते, येथेच पॉलिश होते आणि येथूनच जाते. तिला येऊ देऊ नये असे म्हणणाऱ्या तरुण व्यापाऱ्यांशी माझे नेहमी भांडण होते. हळद येऊ द्या, कितीही येऊ द्या. पोत्यावर नाव मात्र तिच्या गावचे लिहा. मानांकनाने नाव राखायचे असते, नाक्यावर ट्रक अडवायचा नसतो.

तंबोऱ्याची जवारी

पेवकर, नावाचीही गोष्ट सोपी नाही. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये मानांकन मिळाले. आमच्या तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूरकडून येतो, लाकूड आणखी दुरून येते. मिरजेचे म्हणावे ते काय? तर तबली कोरणारा हात, आणि जवारी (तारेचा गुंजता नाद) काढताना घोडीवर कानस फिरवून तार छेडायची, पुन्हा दोन हात कानस, पुन्हा तार, आवाज ‘उघडेपर्यंत’ हेच चालू ठेवायचे, ती बैठक. शिवाय मानांकन भारतात नोंदले आहे. परदेशात कोणी कुठलाही तंबोरा ‘मिरज’ म्हणून विकला तर तिथे वेगळी नोंदणी असल्याशिवाय आमच्या हाती फारसे काही नाही. वाद्य आमच्याआधी विमानात बसते आणि हक्क मिरज जंक्शनवरच राहतो.

भडंगप्रेमी

वकीलकाकांनी पहिल्या प्रतिसादात ‘एकच नाव, दोन मालक’ अशी शंका काढून सोडून दिली, ती आम्हा सांगलीकरांना जिव्हाळ्याची आहे. आमच्या पेठेत एका दुकानाच्या दोन भावांत वाटण्या झाल्या. एकाने गावातले दुकान घेतले, दुसऱ्याने कोल्हापूरचे, आणि नाव दोघांनीही ठेवले. आता कोल्हापूरच्या भावाचा माल सांगलीत आला तर तो खरा की खोटा?

वकीलकाका

भडंगप्रेमी, हा खटला युरोपात दोनदा झाला आहे. हाग नावाच्या जर्मन कॉफी कंपनीची बेल्जियममधली शाखा दुसऱ्या महायुद्धानंतर शत्रूची मालमत्ता म्हणून सरकारजमा झाली आणि नावासकट दुसऱ्याकडे गेली. १९७४ मध्ये न्यायालय म्हणाले, की मूळ एकच असल्याने दोघांनी एकमेकांचा माल अडवू नये. १९९० मध्ये तेच न्यायालय, तसे स्पष्ट सांगून, उलट फिरले: ट्रेडमार्क म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेली उगमाची हमी, आणि बळजबरीने तुटलेल्या नात्यात संमती कुठली? आपल्या पेठेतील भावांनी मात्र राजीखुशीने वाटणी केली असेल तर आधी वाटणीपत्र वाचावे लागेल. फी म्हणून अर्धा किलो भडंग पुरे, कोणत्याही भावाचे चालेल.

कृष्णाकाठचा दुकानदार (धागाकर्ता)

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितो आहे. माल सुटला.

वकीलकाकांच्या सल्ल्यानुसार खात्याला पत्र दिले. त्याला परिपत्रकाची प्रत, दुबईच्या वितरकाचे अधिकारपत्र आणि कंपनीच्या कारखान्यापासूनच्या सगळ्या बिलांची साखळी जोडली. सीमाशुल्क खात्याच्या बौद्धिक संपदेविषयीच्या २००७ च्या नियमांप्रमाणे माल थांबवल्यावर हक्कधारकाला दहा कामकाजाच्या दिवसांत पुढे येऊन कार्यवाहीत सामील व्हावे लागते, आणखी दहा दिवसांची मुदतवाढ मिळू शकते. कंपनीने पहिले दहा दिवस पत्रव्यवहारात काढले, मुदतवाढ मागितली आणि शेवटी आलीच नाही. बहुधा तिलाही निकाल नको होता. पण तेवढ्या काळात कंटेनरचे भाडे आणि बंदराचे डिमरेज (माल पडून राहिल्याचा आकार) मिळून माझी दुबईतली बचत साफ झाली, आणि ज्या कारखान्यासाठी माल आणला त्याने तोवर मिरजेहून खरेदी केली. (डीलरसाहेब, तो कारखाना आपल्याकडेच आला असेल तर अभिनंदन.) कायदा माझ्या बाजूने होता, कॅलेंडर नव्हते.

तासगावचा बागायतदार

नाशवंत मालासाठी हीच मुदत तीन दिवसांची असते आणि आणखी चार दिवस वाढते, असे आमच्या एजंटाने सांगितले. सात दिवसांत द्राक्षाचा देठ तपकिरी पडतो. आपले बेअरिंग निदान पुढच्या हंगामाला चालेल.

मिरजेचा डीलर

कारखाना आमच्याकडेच आला होता. चहाला या. आणि एक प्रामाणिक सूचना करतो: आता माल विकताना तो आयात केलेला आहे आणि भारतातील कंपनीची वॉरंटी त्याला नाही, हे दुकानात ठळक लिहा. २०१२ च्या त्या निकालात खंडपीठाने हीच अट घातली होती, आणि गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ती रास्त आहे. माझे अर्धे भांडण तेवढ्याने मिटते.

कृष्णाकाठचा दुकानदार (धागाकर्ता)

डीलरसाहेब, पाटी कालच लावली: ‘हा माल मूळ कंपनीचाच असून आम्ही तो परदेशातून थेट आयात केला आहे. यास भारतातील कंपनीची वॉरंटी नाही; एक वर्षाची हमी आमच्या दुकानाची.’ आज सकाळी पलूसकडचे पहिले गिऱ्हाईक आले, पाटी दोनदा वाचली आणि आवाज खाली करून विचारले, ‘मालक, म्हणजे डुप्लिकेट आहे का?’ मास्तर, आपण शब्दांतले जाणकार आहात. पाटीचा मजकूर सुधारून द्याल का?

विश्रामबागचे निवृत्त मास्तर

पाटीची सुरुवात आपल्या हमीने करा, ‘वॉरंटी नाही’ हे शब्द त्यानंतर येऊ द्या. ‘एक वर्षाची हमी आमची. माल मूळ कंपनीचा, आयात आमची. भारतातील कंपनीची वॉरंटी यास लागू नाही.’ आणि खाली दुबईच्या बिलाची प्रत काचेत लावा. पलूसचे गिऱ्हाईक आधी कागद पाहते, मग माणूस.